उजेडाची वांगी

भाजी धुण्याबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. सांगलीत माझी खानावळ होती. इंजिनिअरिंगची पोरं जेवायला असायची, आणि माझं अर्धं आयुष्य भाजी निवडण्यात आणि धुण्यात गेलं. मेथी पाणी नितळ येईपर्यंत खळबळायची. कोबीची वरची पानं सरळ काढून टाकायची, जीव अडकवायचा नाही. द्राक्षं खायच्या सोड्याच्या पाण्यात, वांगी-दोडका मिठाच्या पाण्यात. साबण कशालाही लावायचा नाही, तो सालीत मुरतो आणि मग आगीतून फुफाट्यात. सगळ्यात शेवटी, आधी काय वाट्टेल ते केलेलं असो, वाहत्या नळाखाली हातानं चोळून काढायची.

एवढं करूनही मनात धाकधूक असायचीच, कारण विष काही डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसायचं, भाजी चकचकीत दिसायची, आणि आपण देवाचं नाव घेऊन फोडणी द्यायचो.

मग निवळी आली.

नसीम मुजावर माझ्याच खानावळीत जेवलेली पोर. ताटात कारलं दिसलं की तोंड वाकडं करायची, म्हणून माझी बोलणी खायची. पुढं ती एका प्रयोगशाळेत मोठी शास्त्रज्ञ झाली आणि एके दिवशी काचेची बरणी छातीशी धरून माझ्या दारात उभी राहिली. बरणीत ताकावर सुटतं तसं पिवळसर पाणी होतं, तीच ही निवळी.

“मावशी, हे महिनाभर सांभाळाल? लोकांच्या घरात टिकतं का ते बघायचंय, आणि तुमच्याइतकी भाजी कुणी धूत नाही.”

तिनं ओट्याशी बसून मला सगळं समजावलं. वर्षानुवर्षं ज्या रानात फवारणी होते, तिथल्या मातीतले काही जिवाणू हळूहळू त्या औषधावरच जगायला शिकतात. डोक्यावर रोज विष पडतंय म्हटल्यावर कुणीतरी ते खायला शिकणारच. विषाचा कण म्हणजे एक साखळी, आणि या जिवाणूंकडं ती साखळी नेमक्या कडीवर तोडणारी कात्री असते. नसीमच्या लोकांनी आमच्या शिरोळकडच्या, कृष्णाकाठच्या रानांतली माती नेली, त्यातून असे जिवाणू वेगळे केले, आणि निरनिराळी औषधं खाणारे एका बरणीत नांदायला लावले. वर आणखी एक करामत केली. समुद्रात काही जिवाणू अंधारात चमकतात, त्यांची चमकायची युक्ती यांच्या अंगात बसवली. कात्री चालू आहे तोवर उजेड, कात्री थांबली की अंधार.

“म्हणजे उजेड विझला की विष संपलं?” मी विचारलं.

“सालीवरचं आणि सालीच्या मेणातलं संपलं. मुळातून चढून गरात गेलेलं असेल तर तिथं ही पोचत नाही. मी जादू आणलेली नाही, मावशी. विझल्यावर नळाखाली धुवायचं ते धुवायचंच.”

तिनं हे सरळ सांगितलं म्हणूनच मी बरणी ठेवून घेतली. थापा मारणाऱ्याला मी उंबऱ्याच्या आत घेत नाही.

त्या संध्याकाळी मी परातीत पाणी घेतलं, त्यात वाटीभर निवळी ओतली आणि बाजारातली मेथी सोडली. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवण नाही. पण दुसऱ्या दिवसाची भाजी धुवायला कोण अडवतंय? बाहेर अंधारून येत होतं. मी दिवा लावायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. परातीतली मेथी हिरवी उजळत होती. आधी कडेची पानं, मग सगळी जुडी, मग पाणीच. भिंतीवर पानांच्या सावल्या हलत होत्या. मी स्टूल ओढून बसले आणि उजेड विझेपर्यंत उठले नाही.

निवळी पसरली ती विरजणासारखी. आज हिच्याकडून वाटीभर, उद्या तिच्याकडून. तिन्हीसांजेला विरजण देऊ नये हा नियमही बायकांनी तिला लावला. उन्हं उतरायच्या आत मागायला यायच्या. संक्रांतीला वाण म्हणून छोट्या बरण्या लुटल्या. वर्ष-दोन वर्षांत अशी वेळ आली की संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं तर खिडकीखिडकीतून उजेड झिरपत असायचा. मेथी-पालकाचा हिरवट, द्राक्षांचा निळा, टोमॅटोचा फिका जांभळा. ज्याचं औषध वेगळं त्याचा रंग वेगळा. बायका ओट्यावरचे दिवे बंद ठेवायच्या. भांडणं करणारी घरंसुद्धा तेवढा वेळ गप्प असायची. माणसं खिडकीशी उभी राहून विषाकडं बघत बसायची आणि म्हणायची, काय सुंदर आहे. मीही त्यातलीच.

माझं तर विचारूच नका. नवऱ्याचं म्हणाल तर लग्नानंतर वर्षभरातच मी त्याला आणि त्यानं मला हात जोडले. मूलबाळ नाही. गुडघ्यांनी दगा दिला तशी खानावळ बंद केली, आणि ज्या घरात ताटांचा खणखणाट असायचा तिथं घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. दिवस कसाही जायचा. संध्याकाळ जायची नाही. ती या बरणीनं सोपी केली. परातीशी बसायचं, उजेडाशी चार शब्द बोलायचे. वेड लागलंय म्हणा, पण मला बरं वाटायचं.

आता जे झालं ते चांगलंच झालं, मी कुठं नाही म्हणते? बाजारात बायका पर्समधून निवळीची डबी काढायला लागल्या. पदराच्या आडोशाला एक पान बुडवून बघायचं, चमकलं की पुढच्या गाळ्यावर. चमकणारा माल पडून राहायला लागला, तशी शेतकऱ्यांनी फवारणी कमी केली. मग कीड खाणारे किडे सोडणं आलं, सापळे आले, ड्रोन पानन् पान बघून किडकं तेवढं खुडायला लागले. औषधं परवान्याशिवाय मिळेनात. भाजी स्वच्छ झाली. आणि एकेका खिडकीतला उजेड कमी व्हायला लागला.

माझी निवळीही मंदावली. मी नसीमला फोन लावला.

“उपाशी आहे ती,” नसीम म्हणाली. “तिला विष मिळत नाही. चिमूटभर साखर घाला, जगेल. पण उजेड विसरेल.”

“विसरेल म्हणजे काय?”

“वापरायला मिळाली नाही की विद्या जाते, मावशी. कात्री आणि उजेड सांभाळायला त्या जिवाला कष्ट पडतात. आयतं गोड मिळालं की जे जिवाणू ते ओझं टाकून देतात तेच भराभर वाढतात. महिन्याभरात नुसतं आंबूस पाणी उरेल.” मग ती हळूच म्हणाली, “खरं तर तिचं काम झालंय. आनंदाची गोष्ट आहे.”

“तुझ्यासाठी असेल,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी एकटीच नव्हते अशी. बाजाराच्या मागच्या बोळात एक बाई पाटीवर ओलं फडकं टाकून बसायची. जवळ गेलं की कानाशी म्हणायची, “उजेडाची मेथी हाय, पायजे का?” कुठून आणायची देव जाणे. ज्या भाजीला लोकांनी नाकं मुरडली होती तीच आता चोरून घेत होते. मी दोनदा त्या बोळापर्यंत जाऊन परत आले. जिनवाणी ऐकत वाढलेली बाई मी, मुंगी चिरडली तरी चुकचुकणारी. आणि विषाची जुडी विकत घेणार? पाय पुढं पडेना.

भरतेश माझा धाकटा भाऊ. शिरोळकडं आमचं नदीकाठचं मळीचं रान आहे, तिथं तो आणि त्याची बायको राजमती वांगी पिकवतात. दर आठवड्याला त्याची टोपली माझ्याकडं येते. बिनड्रायव्हरचा टेम्पो दारात थांबतो, बाईच्या आवाजात माझं नाव घेतो, टोपली काढून घेतली की ‘धन्यवाद’ म्हणून निघून जातो. भरतेशच्या वांग्यांनी निवळी कधी उजळलीच नव्हती. कशी उजळणार? त्यानं फवारणी सगळ्यांच्या आधी सोडली होती, आणि हौसेनं नव्हे. निवळी यायच्या आधीची गोष्ट. जुन्या पंपानं वाऱ्याच्या तोंडाला फवारताना तो बांधावर कोसळला होता. तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी वाचवला आणि बजावलं, याच्या अंगानं एकदा सोसलंय, पुन्हा औषधाला हात लावला तर आमच्याकडं आणूच नका. त्या दिवसापासून पंप माळ्यावर गेला.

त्याला मी माझी रडकथा फोनवर सांगितली. दुसरं कुणाला सांगणार?

“विझंल म्हणतीस?” तो म्हणाला.

“विझत आलीय. आता नुसती कडेला काजव्याएवढी चमकते.”

“मग तू संध्याकाळी काय करणार, अक्का?”

“भजन करीन,” मी म्हणाले. तो हसला नाही.

लहानपणी आमच्या रानात मोटारीला रात्रीचीच लाईट असायची. पाणी पाजायला रात्रीच जावं लागे, आणि भरतेशला अंधाराची भीती. तो वाफ्याची दारं धरायचा आणि मी बांधावर कंदील घेऊन बसायची. ऊस उंच, मी दिसायची नाही. थोड्या थोड्या वेळानं अंधारातून हाक यायची, “अक्का, हायस न्हवं?” मी कंदील डोक्यावर धरायची आणि म्हणायची, “हाय रे.” एवढ्यावर त्याचं भागायचं. पोरगं मोठं झालं, मिशा आल्या, पांढऱ्या झाल्या, पण फोन उचलला की पहिलं वाक्य अजून तेच. “अक्का, हायस न्हवं?”

पुढच्या आठवड्यात टोपली आली. काळी, तुकतुकीत, देठाला काटे असलेली आमची वांगी. मी सवयीनं परातीत सोडली आणि गुडघ्याला तेल लावत बसले. मान वर केली तर घर निळं झालं होतं.

इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता. वांगी पाण्यात तरंगत होती, आणि एकेक आतून दिवा लावल्यासारखं. छतावर पाण्याच्या लाटा हलत होत्या. देव्हाऱ्यातली मूर्तीही निळी झाली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. विष आहे हे कळत होतं. कळूनही आनंद झाला.

मग भानावर येऊन भरतेशला फोन केला. “अरे, फवारलंस का काय?”

“छ्या. मी कशाला फवारतो? शेजारच्या काचघरातनं वाऱ्यानं आलं असंल.”

“काचघरातनं वारा कसा येईल?”

“दारं उघडत्यात की त्याची. तुझी निवळी खाती न्हवं? खाऊ दे मग. जगली का?”

“जगली,” मी म्हणाले.

आठवड्यामागून आठवडे उजेड येत राहिला. शेजारणी बघायला यायच्या, आपल्या विझलेल्या बरण्यांसाठी माझ्याकडून वाटीभर न्यायच्या. मी खुशीत होते. फक्त एक गोष्ट खुपायची. फवारलेलं वांगं मी हजारदा धुतलंय. औषध वरून पडतं, ओघळतं आणि देठाच्या टोपीखाली साचतं. म्हणून टोपीखाली नखानं खरवडून धुवायचं असतं. निवळीतही तिथंच सगळ्यात जास्त उजेड पडायचा. ही वांगी उलटी होती. खाली लखलखीत आणि टोपीपाशी काळोख. सगळ्या वांग्यांना गळ्यापाशी एकसारखी रेघ. वारा काय असा पट्टी लावून येतो? मी बघायची, आणि उजेडाकडं बघता बघता विसरायची.

भाऊबीजेला भरतेश स्वतःच टोपली घेऊन आला. राजमती तिच्या भावांकडं गेली होती. उन्हं असतानाच आम्ही जेवलो. आमटी त्याला आवडते तशी झणझणीत केली होती, पण त्याला जेवण गेलं नाही. कपाळ सारखं पुसत होता.

“उकडतंय,” म्हणाला.

“दिवाळीत?”

“प्रवासानं असंल. ते राहू दे. तुझा उजेड दाखव की मला. फोनवर नुसतं ऐकतोय.”

खरंच, त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता. दिवस मावळल्यावर मी पडदे ओढले, ओट्यावरची परात खाली जमिनीवर घेतली, निवळी ओतली. आम्ही दोघं परातीच्या दोन बाजूंना मांडी घालून बसलो. त्यानं टोपलीतली वांगी एकेक करून पाण्यात सोडली. ती तरंगायला लागली तशी त्यानं दोन्ही हातांनी खाली दाबून धरली.

उजेड आला. वांग्यांचा आलाच, पण त्याच्या आधी त्याच्या हातांना आला. नखांच्या कडा पेटल्या, बोटांच्या भेगा पेटल्या, तळहातावरच्या रेषा उमटल्या, आणि उजेड मनगटावरून वर चढत कोपराच्या खाली एका रेघेवर थांबला. त्यानं हात पाण्याबाहेर काढले. ओले हात अंधारात निळे चमकत होते आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

“अक्का, बघ की माझे हात.”

मी बघत होते. कोपराखालची रेघ बघत होते. वांग्याच्या गळ्याला होती तशीच. मग कळलं. देठाला धरून बादलीत बुडवलेलं वांगं आणि बादलीत कोपरापर्यंत बुडालेला हात.

“तू वांगी औषधात धुतोस,” मी म्हणाले.

त्याचं हसू गेलं.

“भरतेश, मी विचारतेय.”

“दोन टोपणं टाकतो फक्त. माळ्यावर जुना डबा होता. तुझ्या एका टोपलीपुरतंच, बाकीच्या मालाला न्हाई लावत, शप्पथ.” त्याचा आवाज बारीक झाला. “तू अंधारात बसशील म्हटलं. मला बरं वाटंना. तू माझ्यासाठी किती रात्री कंदील धरलास.”

“मेल्या, मी विष काढायला धुतेय आणि तू लावायला धुतोस?” मला राग आला होता. “हातमोजे तरी घातलेस का?”

तो वर बघत राहिला. निळा उजेड खालून त्याच्या तोंडावर पडला होता. खोलीत मिट्ट काळोख, अशा काळोखात माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात. भरतेशच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

राग कुठं गेला कळलं नाही. मी त्याला तशीच नळाखाली घेऊन गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात घासले, पुन्हा घासले, अंगातला सदरा काढून फेकला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या तोंडाला लाळ सुटली होती. गाडीत तो माझा हात धरून पडला होता आणि मी त्याला शिव्या देत होते, कारण शिव्या थांबवल्या असत्या तर मला रडू आलं असतं. ओवाळणीचं ताट घरी तसंच राहिलं.

डॉक्टरांनी सुया टोचल्या. त्यांनी सांगितलं, थोडं थोडं करून अंगात साठत होतं, आणखी एक टोपली भरली असती तर हा माणूस इथं आलाच नसता. पहाटेकडं त्याच्या बाहुल्या मोठ्या व्हायला लागल्या.

“उजेड आवडला का?” त्यानं डोळे उघडून पहिलं हेच विचारलं.

“भाऊ आवडतो मला,” मी म्हणाले. “उजेडाला घालायचंय काय चुलीत?”

पण घरी आल्यावर बरणीसमोर उभी राहिले आणि अडले. खायला घालायचं नाही हे ठरलं होतं, त्यात दुसरा विचार नव्हता. पण उपाशी ठेवून मारायची? मोरीत ओतायची? आमच्या आईनं आम्हाला पाणी गाळायला शिकवलं तेव्हा पहिलं हे शिकवलं, की फडक्यात अडकलेले जीव फेकायचे नाहीत. ज्या विहिरीचं पाणी, तिच्यातच फडकं उलटं धरून ते सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. जो जीव जिथून आला तिथं त्याला पोचवायचा.

मी नसीमला विचारलं.

“भाऊ बादली कुठं ओतायचा?” तिनं विचारलं.

“रानातच. विहिरीपाशी.”

“मग तिथंच न्या तिला. तिचं तिथं कामही आहे. विष संपलं की उजेड विसरेल आणि मातीतल्या इतर जिवाणूंसारखी होऊन जाईल. आधी मीच तपासायला येते.”

ती आली, माती बघून गेली, हो म्हणाली. शेजारणींनी आपापल्या बरण्यांतली निवळीही आणून दिली, कुणी न मागता. ती सगळी घेऊन मी रानात गेले. भरतेश अजून अशक्त होता, बाजेवर बसला होता. राजमती माझ्याशी कमी बोलत होती. तिचं बरोबर होतं, माझ्या संध्याकाळींपायी तिचा नवरा जात होता. सूर्य मावळल्यावर तिनं अंगणातला बल्ब बंद केला, आणि मी झारीत निवळी आणि पाणी घेऊन विहिरीच्या थारोळ्यापासून, म्हणजे पाणी पडायच्या दगडी कुंडापासून, शिंपडत निघाले.

आधी काहीच झालं नाही. मग थारोळ्याखाली, जिथं तो बादली उपडी करायचा, तिथं माती निळी झाली. बादली फेकल्यावर पाणी जसं पसरतं तसा आकार हळूहळू उमटला. त्यातून एक बारीक ओघळ निघाला होता, तो पाटापर्यंत गेलेला. मग पावलं दिसायला लागली. भरतेशची अनवाणी पावलं, विहिरीपासून घराकडं. झारी जाईल तिथं पुढचं पाऊल उजळत होतं. दगडी चार पायऱ्यांवर होती, तुळशीच्या कट्ट्यापाशी वळली होती, भांडी घासायच्या दगडापाशी थांबली होती. दगड सगळा निळा. माठाच्या तिवईच्या पायाशी एक ठिपका.

राजमतीनं पदर तोंडाला लावला. “मी ह्याच दगडावर ताटं घासते, अक्का.”

भरतेश बाजेवरून उठला. स्वतःची पावलं बघत उभा राहिला. रान अंधारात होतं, नदीकडून धुकं येत होतं, आणि आमच्या घराला त्या निळ्या पावलांची वाट लागलेली होती. इतकं देखणं मी आयुष्यात दुसरं काही पाहिलं नाही, आणि ते पाहताना माझं अंग गार पडलं होतं.

“एका टोपलीपुरतंच होतं,” तो पुटपुटला.

“हो ना,” राजमती म्हणाली. “बघ की एका टोपलीचं.”

त्या रात्रीपासून मी तिथंच राहिले. माठ फोडला, दगड बदलला, विहिरीचं पाणी तपासून आणेपर्यंत टँकरचं पाणी प्यायलो. माळ्यावरचा डबा नसीमची माणसं घेऊन गेली. रोज संध्याकाळी मी झारी घेऊन फिरायची आणि रोज उजेड थोडा कमी असायचा. आधी पायऱ्या विझल्या, मग तुळशीपाशीची पावलं. राजमती माझ्याबरोबर यायला लागली. पहिल्यांदा नुसती चालायची, मग एके दिवशी म्हणाली, “सांगलीला जाऊन काय करणार हायसा? भाजी तर हितंच हाय.” मी म्हटलं, बघू.

शेवटी थारोळ्याखाली तळहाताएवढा डाग उरला. त्या संध्याकाळी आम्ही तिघंही विहिरीपाशी जाऊन बसलो. झारीत थोडीच निवळी होती, ती मी सगळी ओतली. डाग एकदा चांगला उजळला. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसली. मग तो कडेकडेनं आत सरकत गेला, रुपयाएवढा झाला, मोहरीएवढा झाला.

विझला.

मला रडू आलं. लपवत नाही. विष संपलं, माती स्वच्छ झाली, भाऊ वाचला, सगळं खरं. तरी संध्याकाळी मी ज्याच्याशी बोलत होते ते गेलं होतं. रिकामी झारी मांडीवर घेऊन मी तशीच बसले. राजमती चुलीकडं गेली असावी, पैंजण वाजले. चांदणं नव्हतं. माझा हात मला दिसत नव्हता.

थोड्या वेळानं अंधारातून आवाज आला.

“अक्का, हायस न्हवं?”

सवयीनं माझा हात वर गेला. त्यात कंदील नव्हता, बरणी नव्हती.

“हाय रे,” मी म्हणाले, आणि आवाजाच्या दिशेनं चाचपडत त्याच्यापाशी जाऊन बसले.